नळाची बाजू

अकरा झाडांना मिळून चार वांगी धरली. त्यातलं एक इतकं लहान होतं, की ते तोडावं की आणखी वाढू द्यावं याचा गवंड्यानं आठवडाभर विचार केला. विचार चालू असतानाच ते गळून पडलं.

उरलेली तीन त्यानं तोडली, धुतली आणि ओट्यावर ओळीनं मांडली. एकट्या माणसाला तीन वांगी तशी कमी नाहीत. फक्त ती सगळ्या हंगामाची होती.

गवंडी आता कामावर जात नव्हता. गुडघ्यांनी त्याला दोन वर्षांपूर्वी परांचीवरून खाली उतरवलं, ते कायमचं. तरी लोक त्याला अजून ओळंबाच म्हणत. एक तर तो बोलायचा तसा, सरळ खाली. मध्ये कुठं डावं-उजवं नाही. आणि दुसरं म्हणजे त्यानं हातात घेतलेलं काम कधी रखडवलं नाही. बाकीचे गवंडी 'पंधरा दिवस' म्हणाले की लोक मनात दोन महिने धरत. ओळंबा पंधरा म्हणाला की सोळाव्या दिवशी तो दुसऱ्याच्या दारात उभा असे आणि पहिला मालक रंग कुठला लावायचा या विचारात गाठला जाई. या एका खोडीमुळे धंद्यातल्या माणसांनी त्याला कधी चहाला बोलावलं नाही.

बायको जाऊन चार वर्षं झाली होती. लेक लांबच्या शहरात चौथ्या मजल्यावर राहत होती आणि दर रविवारी संध्याकाळी फोन करत होती. फोनला घरात आवाज नीट यायचा नाही, म्हणून तो मागच्या खिडकीच्या कठड्यावर ठेवलेला असायचा, आणि गवंडी खिडकीशी उभं राहून, परसाकडे तोंड करून, लेकीशी बोलायचा. त्यामुळे लेकीशी झालेलं सगळं बोलणं त्याच्या वाफ्यांनी ऐकलेलं होतं.

"एकटे कशाला राहता, बाबा? इथं एक खोली रिकामी आहे."

"मला इथं काय कमी आहे? भाजीसुद्धा दारची आहे."

"गेल्या वर्षी किती आली भाजी?"

"माणसापुरती."

लेक थोडा वेळ गप्प राहिली. हिशेबी गप्प राहणं तिनं बापाकडूनच उचललं होतं. "मग असं करू. थंडी संपेपर्यंत दारची भाजी खाऊन दाखवा. बाजारातून एक जुडी आणायची नाही. जमलं, तर मी पुन्हा हा विषय काढणार नाही. नाही जमलं, तर बॅग भरायची."

"ठरलं," गवंडी म्हणाला. आयुष्यभर त्यानं तोंडी बोलीवरच कामं घेतली होती. फोन ठेवल्यावर त्याला आठवलं, की बोली करण्याआधी जागा बघायची असते.

चौथा मजला त्यानं एकदा पाहिला होता. आठ दिवस राहिला होता तो तिथं. पहिल्याच दिवशी बोटाच्या पेरानं सगळ्या भिंती वाजवून बघितल्या आणि त्या पोकळ आहेत असं जावयाला सांगितलं. उरलेले सात दिवस जावई कामावरून उशिरा येत होता.

परसाचे दोन भाग होते आणि मध्ये तार होती. तारेच्या पलीकडे धाकटा भाऊ राहत होता, त्याची बायको, त्यांची टीव्हीवरची बातमी आणि कुकरच्या तीन शिट्ट्या. तिसरी शिट्टी झाली की गवंडी आपलं ताट घेई. दोन घरांचं जेवण एका वेळी होत होतं, एवढाच काय तो आता संबंध.

धाकट्यानं पंचवीस वर्षं त्याच्या हाताखाली माल कालवला होता. वाळू चाळ, सिमेंट ओत, पाणी सोड, घमेलं वर दे. मग वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी एका संध्याकाळी तो म्हणाला, "दादा, उद्यापासून एक भिंत मी घेऊ का?"

"आधी माल नीट कालवायला शीक," गवंडी म्हणाला. तो हे विनोदानं म्हणाला, असं त्याचं म्हणणं होतं. त्याचे विनोद ओळखू येत नसत, ही गोष्ट वेगळी.

महिन्याच्या आत वाटणी झाली. हत्यारांची वाटणी गवंड्यानंच केली: ज्याचं जे काम, त्याची ती हत्यारं. थापी, रंधा, गुण्या, ओळंबा आपल्याकडे. घमेली, फावडी, घण धाकट्याकडे. आणि परसाचं विचारलं तेव्हा त्यानं जरासाही वेळ घेतला नाही. "नळाची बाजू थोरल्याची."

धाकट्यानं नळाकडे पाहिलं, मग भावाकडे पाहिलं, आणि "बरं" म्हणाला. धाकट्याच्या वाट्याला मागची, खड्डे नि गवत असलेली बाजू आली. गवंड्याला तेव्हा वाटलं, बिचारा.

नळाच्या बाजूला वर्षानुवर्षं वाळू-खडीचे ढीग असायचे. गवंड्यानं उरलीसुरली वाळू विकली, वर दोन ट्रॉल्या काळी माती आणून पसरली, आणि दोरी लावून चार वाफे आखले. पहिल्या वर्षी भाजी आली. दुसऱ्या वर्षी आली म्हणायची. यंदा तिसरं.

यंदा रोपं गुडघ्याइतकी व्हायची आणि तिथंच थांबायची, शाळा सोडल्यासारखी. पानं पिवळी पडायची, शिरा तेवढ्या हिरव्या. टोमॅटोला फूल यायचं आणि दुसऱ्या दिवशी खाली पडलेलं असायचं. घेवड्याचा वेल काठीवर चढला, तिथून जगाकडे एकदा पाहिलं आणि वाळला.

बियाण्याच्या दुकानदारानं पान उलटसुलट करून पाहिलं. "लोह कमी पडतंय," म्हणाला, आणि एक पुडी दिली. पुडी घालून झाली. मग तो म्हणाला, मुळांना बुरशी असेल, आणि डबी दिली. डबीही झाली. तिसऱ्या वेळी गवंड्याला लांबून येताना बघूनच त्यानं फळीवरून बाटली काढून ठेवली.

"मालक, बी चांगलं होतं ना?" गवंड्यानं विचारलं.

"याच बियाण्याचे दुधी तुमच्या भावाच्या मांडवावर लोंबतायत की. कोपरापासून बोटापर्यंत, एकेक."

गवंड्यानं बाटली घेतली नाही.

मग तो वाफ्यातली माती पिशवीत घालून तपासणीच्या कचेरीत गेला. तिथल्या कारकुनानं तीन आठवड्यांनी एक कागद दिला. "सामू, म्हणजे पीएच, नऊच्या जवळ आहे. भाजीला साडेसहा, फार तर सात चालतो. जमीन चुनखडीची आहे का?"

"नाही. काळी माती आहे. मी स्वतः आणलेली."

"आजूबाजूला बांधकाम वगैरे झालं होतं?"

"माझ्या बांधकामात काही दोष नाही," गवंडी म्हणाला. "तीस वर्षांत एका भिंतीला तडा गेलेला दाखवा."

कारकुनानं चष्मा वर केला, त्याच्याकडे बघितलं, आणि कागदावर 'जिप्सम घालावे' असं लिहून शिक्का मारला. गवंडी बाहेर पायरीवर बसून ते पुन्हा पुन्हा वाचत होता. जन्मभर जे छताला लावलं, ते आता वांग्याला लावायचं होतं.

लावलं. वांग्यांवर काही परिणाम झाला नाही.

पाण्याचंही काही कळेना. सकाळी पाणी सोडलं की ते वाफ्यात उभं राही, दुपारी उभं राही, संध्याकाळी त्यात ढग दिसत. दोन दिवस सोडलं नाही, की रोपं माना टाकत. पण त्या उभ्या पाण्याकडे बघताना गवंड्याला एक समाधान मिळायचं. पाणी या टोकापासून त्या टोकापर्यंत सारखं. पाणसळ लावायची गरज नाही. वाफा सुतभरही उतरता नव्हता. हे आपण आखलेल्या दोरीमुळे झालं, असं त्याला वाटे.

बाजारातून मात्र त्यानं काही आणलं नाही. बोली ती बोली. भात, मीठ, तिखट. कधी वांग्याचा अर्धा तुकडा. पट्ट्याची भोकं संपली तेव्हा त्यानं खिळा तापवून नवीन भोक पाडलं, नीट, ओळीत.

एका सकाळी तारेच्या खांबाला दुधी टांगलेला दिसला. त्याच्या टोकाला जुन्या चादरीची चिंधी आणि चिंधीला गुळगुळीत दगड बांधलेला होता. दुधी वाकडा वाढू नये म्हणून धाकट्याची बायको मांडवावर असा दगड बांधत असे. दगड काढायला ती विसरली होती, किंवा विसरली नव्हती. गवंड्यानं दुधीकडे नीट पाहिलं. सरळ होता. ओळंब्यात होता. पण ती भाजी दारची नव्हती.

तीन दिवस दुधी तिथं लटकत राहिला. दुसऱ्या दिवशी त्याला सुरकुत्या पडल्या. चौथ्या दिवशी सकाळी खांब रिकामा होता, आणि त्या दिवशी पलीकडे कुकर झाला तो गवंड्याला ऐकूच आला नाही. त्यानं ताट फार उशिरा घेतलं.

थंडी ओसरू लागली. लेक येत्या रविवारी स्वतः येणार होती, बघायला. शुक्रवारी गवंड्यानं वाळलेली वांग्याची झाडं उपटायला घेतली. पहिलं झाड हातात आलं तसा तो थांबला. मूळ वीतभर सरळ खाली गेलं होतं आणि तिथून आडवं वळलं होतं. नेमकं काटकोनात. दुसरं झाड उपटलं, तेही तसंच. गवंडी मूळ हातात धरून उभा राहिला. झाडं सहसा गुण्या लावून वाढत नाहीत.

त्यानं पहार आणली आणि मारली.

दगडाचा आवाज वेगळा असतो, विटेचा वेगळा. हा आवाज त्याच्या ओळखीचा होता. तो गुडघ्यांवर बसला, गुडघे नको म्हणत असताना, आणि हातांनी माती बाजूला करू लागला. खाली करडं, गुळगुळीत, सलग. त्यावर एकात एक अडकलेली गोल वळं उमटली होती. घमेल्यांच्या काठांची वळं. धुऊन पालथी घातलेली घमेली, रोज संध्याकाळी, पंचवीस वर्षं.

"इथंच धू," तो धाकट्याला म्हणत असे. "पुढच्या अंगणात चिखल नको." आणि तो ओट्यावर चहा घेत बसे, नळाकडे पाठ करून. रोज सिमेंटचा कागदाइतका पातळ थर. वर वाळूचा ढीग. आणि शेवटी वर दोन ट्रॉल्या काळी माती, स्वतः आणलेली.

"चार बोटं तरी असेल जाड," मागून आवाज आला.

धाकटा तारेपाशी उभा होता. अडीच वर्षांतलं त्याचं पहिलं वाक्य होतं हे, आणि ते मापाचं होतं.

गवंडी वळला नाही. "तुला माहीत होतं."

"धुवायला मीच होतो."

"वाटणीच्या वेळी बोलला नाहीस."

"तू म्हणालास, नळाची बाजू थोरल्याची. मी म्हटलं, बरं."

"एवढं तरी सांगायचं होतंस."

"बिगाऱ्याला कोण विचारतं, दादा?" धाकटा रागानं म्हणाला नाही. उद्या ऊन पडेल, असं सांगावं तसं म्हणाला. मग तो आत गेला. थोड्या वेळानं पलीकडे तीन शिट्ट्या झाल्या. गवंडी खड्ड्याशी बसून होता.

शनिवारभर त्यानं पहारेनं प्रयत्न केला. पहार उडून येत होती. तळहाताला फोड आले, ते फुटले, आणि कोब्याला एक ओरखडा पडला. मालात सिमेंट कमी नव्हतं. ते कधीच कमी नसायचं.

रविवारी लेक आली. तिनं आधी पट्ट्याचं नवीन भोक पाहिलं, मग ओट्यावरचं सुकलेलं वांगं, आणि मग बापाच्या मागोमाग परसात येऊन खड्डा पाहिला.

"हे काय आहे?"

"कोबा."

"कुणी केला?"

"मीच. रोज थोडा थोडा."

लेकीला हसू आलं आणि ते तिनं पदराआड लपवलं नाही, सरळ हसली. मग बापाच्या तळहातांकडे तिचं लक्ष गेलं आणि ती थांबली. "ठरलं होतं, बाबा."

"ठरलं होतं. मी येतो."

ती वाद घालायची तयारी करून आली होती. ती तयारी आता हातात तशीच राहिली. "कधी नेऊ?"

"हे फोडून झालं की."

"जाणारच आहात, तर फोडायचं कशाला?"

"काम माझं आहे. असं ठेवून जाणार नाही."

"किती दिवस लागतील?"

गवंड्यानं जागा पावलांनी मोजली. सवय होती. "घण मिळाला तर पंधरा."

त्याचे पंधरा म्हणजे पंधरा, हे लेकीइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. तिनं फोनमध्ये तारीख लिहून घेतली. मग ती तारेला वळसा घालून काकाकडे गेली. तिथून बराच वेळ तिच्या हसण्याचा आणि काकूच्या बोलण्याचा आवाज येत राहिला. गवंडी पायरीवर बसून ऐकत होता. आवाज ओळखीचे होते, पण शब्द कळत नव्हते. ती परत आली ती दोन्ही हातांनी घण ओढत.

"काका म्हणाला, कोपऱ्यातून सुरुवात करा, मधून नाही. आणि म्हणाला, फोडायचं काम बिगाऱ्याचं असतं, तुझ्या बाबांना जमतंय का बघ."

"आणखी काय म्हणाला?"

"आणखी जेवायला थांब म्हणाला. मला."

दुसऱ्या दिवशी गवंडी मधून सुरुवात करणार होता. घण उचलला, खाली आणला. कोब्यानं तो तसाच परत केला. तारेपलीकडे धाकटा कामावर निघाला होता. आता तो कोबे घालायची छोटी कामं स्वतः घेत असे. सायकलला हात लावून तो थांबला.

"कोपऱ्यातून."

गवंड्यानं ऐकलं नसल्यासारखं केलं. सायकल गेल्यावर तो कोपऱ्यात गेला.

दिवस तसे जात होते. सकाळी उन्हं यायच्या आधी वीस घाव, मग बसायचं, पुन्हा वीस. खांदा पहिल्या आठवड्यात जळत होता, मग बधिर झाला. ढलप्या निघू लागल्या. हात फिरवला तर आतल्या बाजूनं पदर दिसत, वहीच्या पानांसारखे. पंचवीस वर्षांतली कुठली तरी एकेक संध्याकाळ. त्याखालची जमीन काळी, ओलसर, थंड होती. तिच्यात कुणी कधी काही लावलेलं नव्हतं.

संध्याकाळी धाकटा परत येई आणि तारेपाशी हात पुसत थांबे. रोज एकदोन वाक्यं. "आज बराच निघाला." "हं." "डावीकडून मार. तिकडं भेग आहे." आणि गवंडी, ज्यानं पंचवीस वर्षं या माणसाला 'इकडं हो, तिकडं हो' सांगितलं, तो डावीकडे सरके. घाव बरोबर बसे. ते त्याला आवडत नसे, आणि संध्याकाळ व्हायची वाटही तो बघत असे.

"कोबा छान झालाय मात्र," एकदा धाकटा म्हणाला. "कुठं पोकळ नाही."

"माल चांगला होता," गवंडी म्हणाला. थोडं थांबून, घणाकडे बघत, "नीट कालवलेला."

धाकट्यानं पुसलेले हात पुन्हा पुसायला घेतले. मग आत गेला. त्या दिवशी कुकरच्या शिट्ट्या गवंड्याला पाच ऐकू आल्या, पण मोजण्यात त्याची चूक असेल.

चौदाव्या दिवशी, रविवारी, फोन वाजला तेव्हा एक कोपरा तेवढा उरला होता. चटईएवढा. एका दिवसाचं काम. दुपारपर्यंतचंच, खरं तर. गवंडी खिडकीशी उभा राहिला. धाकटा पलीकडे मांडवाखाली दुधीच्या वेलाला दोरी बांधत होता.

"बाबा, उद्या पंधरावा दिवस. गाडी सांगितली आहे. खोलीला पडदा लावलाय."

"हं."

"झालं ना काम?"

गवंड्यानं कोपऱ्याकडे पाहिलं. तिथं घण टेकवून ठेवला होता. जिभेवर 'उद्या' आलं होतं. ते इतक्या वर्षांच्या सवयीचं होतं की गिळायला त्रास झाला.

"नाही. अजून आहे."

"किती?"

"बराच."

"तुम्ही पंधरा म्हणाला होतात."

"खाली दगड लागलाय," गवंडी म्हणाला.

मांडवाखालची दोरी थांबली. या जमिनीत हातभर खोल जाऊनही दगड लागत नाही, हे दोन्ही भावांना लहानपणापासून माहीत होतं. फोनच्या पलीकडे लेक हिशेबी गप्प होती. तिनंही लहानपणी याच जमिनीत उकरलं होतं.

धाकटा दोरीची गाठ मारत, वर न बघता, बेतानं म्हणाला, "दादा, वाळू आली नाही असंही सांग."

"वाळू फोडायला लागत नाही," गवंडी फोनवर हात ठेवून म्हणाला.

"रखडवायला लागते. सगळे तेच सांगतात. तुला सवय नाही."

गवंड्यानं हात काढला. फोनमधून लेकीचा आवाज आला, "कोण आहे तिथं? काका का?"

"हो."

"बरं." मग, "गाडीला नको म्हणून सांगते. पुढच्या रविवारी विचारते, दगडाचं काय झालं ते."

फोन ठेवून गवंडी बाहेर आला. उन्हं उतरत होती. तो कोपऱ्यात गेला, घण उचलला, आणि नुसताच धरून उभा राहिला. उघड्या झालेल्या जमिनीवर संध्याकाळचं पाणी सोडलं होतं. ते आता कुठंच उभं नव्हतं.

"त्या कोपऱ्याला आज हात लावू नकोस," तारेपलीकडून धाकटा म्हणाला. "आज संपवलास तर उद्या काय करशील?"

गवंड्यानं घण खाली ठेवला. त्याला चिकटलेली माती धुवायला तो सवयीनं नळाशी गेला, तोटी सोडली आणि बंद केली. मग बादली भरून घेतली, आणि एका हातात बादली, एका हातात घण, गुडघ्यांची समजूत काढत, घरातून पुढच्या दारानं पार रस्त्याकडेच्या गटारापर्यंत धुवायला गेला. लांब पडत होतं. त्याला घाई नव्हती.